अस्वलाच्या डक्टमधला आवाज

मीटर खोटं बोलत नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या इंजिनियरला मी माझ्या टीममध्ये घेत नाही. मीटर खोटं बोलतं. माणसांएवढं नाही, पण बोलतं. थंड हवेच्या यंत्रांबरोबर अर्धं आयुष्य काढल्यावर माझा स्वभावच असा झालाय, की कुणी ‘सगळं ठीक आहे’ म्हटलं की मनात पाल चुकचुकते. नवरा म्हणतो, ‘तुला स्वर्गात नेलं तरी तू आधी जाळीला हात लावून हवा येते का बघशील.’ नाशिकला भाचीच्या लग्नात मी ते केलंही होतं. हॉलवाला एसी हॉल म्हणून मिरवत नुसते पंखे फिरवत होता. वरपक्षादेखत मी त्याला फैलावर घेतलं आणि बहिणीनं पुढे कितीतरी महिने माझ्याशी अबोला धरला. हवा गार नव्हती, हे मात्र तिनंही नंतर मान्य केलं.

कतारमध्ये आमचं घर याच गारव्यावर चालतं. नवरा गॅसच्या प्रकल्पावर, मी चिलरच्या, म्हणजे गारव्याच्या मोठ्या यंत्रांच्या, देखभालीत. मॉल, शीतगृहं, लग्नाचे हॉल असली कामं आमच्याकडे कायमची. एके दिवशी साहेबांनी सांगितलं की उम्म सलाल मोहम्मद गावाच्या पलीकडे एका खासगी शेतावर प्राण्यांसाठी थंड हॉल आहे, त्याचं काम आपल्याला मिळालंय. कोणते प्राणी, असं मी विचारलं. ‘मोठे,’ म्हणाले आणि फोन घेतला. एवढ्यावरच माझं अर्धं डोकं फिरलं.

शेत दिसायला साधंच होतं. खजुराच्या रांगा, जाळीखाली काकड्या आणि टोमॅटो, एका कुंपणात उंट, दुसऱ्यात हरणं. सगळ्यात शेवटी एक पांढरी बिनखिडक्यांची इमारत, गोदामासारखी. दाराशी मॅनेजर उभा होता, इजिप्तचा, इस्त्रीची घडी न मोडलेला माणूस. हात मिळवायच्या आधीच तो म्हणाला, ‘कागदपत्रं सगळी व्यवस्थित आहेत, मॅडम.’ मी कागदांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मी आले होते यंत्र बघायला.

आत जाड काचेपलीकडे पांढरं अस्वल होतं. उत्तर ध्रुवावरचं, बर्फातलं, आणि बाहेर उन्हानं डांबर मऊ झालेलं. खरं तर ते पांढरं नव्हतंच, कणीदार तुपासारखा पिवळसर रंग होता. मादी होती, दोन वर्षांची. ती सरळ काचेपाशी आली आणि मागच्या पायांवर उभी राहिली. मी दोन पावलं मागे सरकले. पण ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती माझ्या हातांकडे बघत होती. डाव्या, मग उजव्या, मग परत डाव्या. माझ्या हातात नुसता टॉर्च होता.

मॅनेजरनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा थंड देशातलं प्राणिसंग्रहालय, टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू आणि तोंडाला दुधाची बाटली. ‘आईनं टाकलं हिला,’ तो म्हणाला. ‘माणसांच्या हातावर वाढली. माणसांवर फार प्रेम.’ मी तो व्हिडिओ मागून घेतला आणि घरी लेकीला दाखवला. ‘सो क्यूट!’ ती ओरडली. मी म्हटलं, क्यूट ठीक आहे, पण आईनं टाकलं हे कुणी पाहिलं? पिल्लू बाटलीवर वाढलं तर लोकांना जवळ घेता येतं, फोटो निघतात. मग आईपासून कुणी उचललं नसेल कशावरून? लेक इंग्रजी शाळेत जाते, तिला माझं मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच देते. ‘आई, यू स्पॉइल एव्हरीथिंग,’ म्हणाली आणि तिनं खोलीचं दार लावून घेतलं. नवऱ्यानं माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

तक्रारी लगेच सुरू झाल्या. अस्वल येरझाऱ्या घालतंय म्हणजे त्याला उकडतंय, असा मॅनेजरचा हिशेब. मी जाऊन पाहिलं. कर्मचाऱ्यांच्या दारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि तिथून परत, ती जात-येत राहायची. वळताना प्रत्येक वेळी मानेला एकाच बाजूनं एकसारखा झटका. जमिनीवर त्या वाटेचा रंग वेगळा दिसायला लागला होता. आम्ही गारवावाली माणसं, आमच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. मी हॉल आणखी गार केला. येरझाऱ्या चालूच. मॅनेजर म्हणाला, आणखी. मी आणखी केला. काचेबाहेर उभं राहून स्वेटर घालायची वेळ आली आणि अस्वलबाई आपल्या त्याच वाटेनं चालतच होत्या.

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की इथं पाणी भलतीकडेच मुरतंय.

तिचं सगळं पाहणारे एक चाचा होते. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. मी मराठी आहे कळल्यावर त्यांनी हिंदी लगेच सोडून दिली. अस्वल इथं आलं तेव्हा लहान होतं, बाटली सुटली नव्हती, ती पुढचे कितीतरी महिने यांनीच दिली. अल रुवैसच्या बंदरावरून मासळी तेच आणायचे. त्यांच्या पिकअपला कायम मासळीचा वास आणि पुढच्या काचेवर मुलीच्या मुलाचा फोटो. अस्वलाला ते ‘बाय’ म्हणायचे, घरातल्या पोरीला म्हणावं तसं. ‘बाय आज नीट जेवली नाय,’ असं गंभीरपणे सांगायचे. मला त्यांचा संशय यायचा. माणूस जरा जास्तच गोड होता, आणि अस्वल त्यांच्याशिवाय कुणाकडूनही मासा घेत नव्हतं. अशा माणसाची नोकरी कोण काढून घेणार?

मग ती तज्ज्ञ बाई आली. मालकांनीच बोलावली होती म्हणे. पाहुण्यांना अस्वल दाखवायची मजा संपली असावी, किंवा कुणीतरी कान उपटले असावेत. खरं काय ते मला अजून ठाऊक नाही. बाई दूरच्या थंड देशातल्या मोठ्या प्राणिकेंद्रातून आली होती. तिथं मोकळी जागा, खरं बर्फ आणि हिच्याच वयाची आणखी एक मादी. आम्हा सगळ्यांना काचेपुढे उभं करून तिनं समजावलं. ही पिल्लं आईजवळ दोन-अडीच वर्षं राहतात. हिला ते मिळालं नाही, म्हणून हिची आई म्हणजे माणसाचा हात. ती येरझाऱ्या घालते ते उकाड्यानं नव्हे, त्या दारातून माणूस यावा म्हणून. अशीच नेली तर तिथं दुसऱ्या अस्वलाकडे पाठ फिरवून ही दाराशी चालत बसेल. काही आठवडे माणसाचा चेहरा, हात, वास, आवाज काही नको. खाणं वरच्या झरोक्यातून, तेही रोज वेगळ्या वेळी. खेळायला पिंप, बर्फाच्या लाद्यांत गोठवलेली मासळी. ती आपली आपण खायला, पोहायला, झोपायला लागली तर मी घेऊन जाईन. नाही लागली, तर नेणं म्हणजे छळ ठरेल.

‘नाही लागली तर?’ मी विचारलं.

‘तर इथंच,’ ती म्हणाली. ‘एकटी. अशी अस्वलं पुष्कळ वर्षं जगतात.’

एरवी जनावरांबद्दल मी हळवी वगैरे नाही. पण ती वाट, तो मानेचा झटका आणि पुढची पुष्कळ वर्षं, हे एकत्र डोक्यातून जाईना.

तरी संशय होताच. बाईला आपल्या केंद्रासाठी लोक खेचणारं जनावर हवं असेल. मॅनेजरला मालकापुढे चमकायचं असेल. आणि सगळ्यात मोठा संशय चाचांवर, कारण त्यांनी चटकन मान डोलावली होती. ‘हरकत नाय. मी दिसणार नाय तिला,’ म्हणाले. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली, आणि हा माणूस एकदासुद्धा ‘पण’ म्हणाला नाही. मला ते पटलं नाही.

पहिले दिवस वाईट गेले. कॅमेऱ्याचं चित्र माझ्याही मोबाइलवर यायचं, हवा आणि पाणी सांभाळायचं म्हणून. ती दाराशी पंजे टेकून उभी राहायची, आरडाओरडा करायची, वरून पडलेल्या मासळीकडे ढुंकूनही बघायची नाही. मॅनेजरचे फोन चालूच. ‘मॅडम, यल्ला, आणखी गार करा!’ मी त्याला सरळ सांगितलं की आता हॉलमध्ये फक्त पेंग्विन ठेवायचे बाकी आहेत.

आणि मग एकाएकी सगळं शांत झालं. ती भिंतीजवळ पडून राहायला लागली. खायला लागली. दुपारी तर गाढ झोपायची. मॅनेजर खूश. ‘बघा, गारव्यानं काम केलं. खलास!’ तिकडून बाईचा निरोप आला, प्रगती फार चांगली आहे.

आपोआप दुरुस्त झालेल्या यंत्रावर मी कधीच विश्वास ठेवत नाही. जे कारणाशिवाय बरं होतं ते कारणाशिवाय बिघडतं, आणि नेमकं आपण घरी जेवायला बसलेलो असताना. मी कॅमेऱ्याचं चित्र पुन्हा पुन्हा बघत बसले. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये ही झोपते ती त्या एकाच भिंतीशी का? तिथं होती फक्त हवेची जाळी. आतली हवा यंत्राकडे परत जाते ती तिथून.

त्याच आठवड्यात माझ्या पोरांनी तक्रार आणली. बिरकत अल अवामेरच्या कामगारांच्या कॅम्पवरून रोज बसनं येणारे माझे दोघं तंत्रज्ञ, चांगले कानाचे पक्के. प्लान्टरूममध्ये, यंत्रांच्या खोलीत, घुमल्यासारखा आवाज येतो, पंख्याचं बेअरिंग गेलंय, असं म्हणाले. मी स्वतः कान लावला. बारीक, एकसुरी, मोटरसारखा घूं-घूं आवाज, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारा. बेअरिंगच, शंकाच नाही. आम्ही बेअरिंग बदललं. आवाज तसाच. पट्टा बदलला, पंख्याचे पाय घट्ट केले, मोटर उघडून बघितली. आवाज तसाच. तिसऱ्या दिवशी दुपारी, बाहेरची कामं उन्हामुळे बंद असतात त्या वेळी, मी चिडून पंखाच बंद केला.

पंखा थांबला. घूं-घूं चालूच राहिली.

बंद मोटर घुमत नाही. मी डक्टला, हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्याला, कान लावला. आवाज हॉलकडून येत होता, आणि त्याच्या अलीकडे दुसराही एक होता. माणसाचा. हळू, खालच्या पट्टीतला, कुणाला काही सांगत असल्यासारखा. मोबाइलवर पाहिलं तर बाय जाळीखाली आडवी, डोळे मिटलेले, पंजा तोंडात, आणि पोट घुमण्याबरोबर थरथरतंय.

फिल्टर बदलायची जी बारकी खोली असते तिचं दार मी ढकललं. आत मासळीच्या उपड्या क्रेटवर चाचा बसले होते. डक्टची तपासणीची खिडकी उघडी. तिच्याशी तोंड नेऊन ते बोलत होते. ‘...आणि पावसानं मागल्या बाजूचा बांध गेला, बाय. तुजी नानी बोलते, परत बांधूया. मी बोललो, माजी हाडं घरला आली की बांधूया...’

मला पाहून ते उठले. मला इतका राग आला होता की मी आधी दार लावलं. बाकी कुणाला ऐकू जाऊ नये एवढी अक्कल तेव्हाही शिल्लक होती.

‘वाटलंच होतं मला,’ मी म्हटलं. ‘ती नापास व्हावी म्हणून हे चाललंय. ती इथं राहिली की तुमची जागा पक्की. ती मुकं जनावर आहे, चाचा. तुमच्या नोकरीपायी तिला जन्मभर या गोदामात डांबताय!’

चाचांचा चेहरा आधी नुसता गोंधळला. मग लालबुंद झाला. ‘नापास?’ ते म्हणाले. ‘ताई, तुमी काय बोलताव? टीव्हीत ती शांत दिसते का नाय? जेवते का नाय? बाई खूश हाय का नाय? पास व्हावी म्हणून बसतो मी हितं! माजं तोंड दिसत नाय तिला, हात नाय, वास बी जात नाय. हवा तिकडून हिकडं येते, ता मी आगरबत्ती लावून बघितलाव.’

हवेचं त्यांचं बरोबर होतं. वास आत जात नव्हता. आवाजाला मात्र वाऱ्याची दिशा आडवी येत नाही. बाईंनी ‘आवाज नको’ म्हटलं होतं हे त्यांना ठाऊक होतं, पण लपून बोललं तर ते बोलणं नव्हेच, असा त्यांचा सोयीचा अर्थ.

‘आणि हे घुमणं?’

‘ता होय?’ एवढ्या भांडणातही त्यांच्या तोंडावर हसू आलं. ‘बाटली पिताना करायची. पोटभर झालं की असंच. मोटरवानी.’

माझं बेअरिंग, पट्टा आणि दोन पोरांची मेहनत डोळ्यांपुढून गेली. हसूही येत होतं आणि त्या म्हाताऱ्याला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. ‘चाचा,’ मी म्हटलं, ‘ती तुमच्यामुळे शांत आहे. तिकडे गेल्यावर कोण बोलणार तिच्याशी?’

त्याचीही तयारी होती. त्यांनी खिशातून फोन काढला. त्यात स्वतःचा आवाज भरून ठेवला होता, गावच्या बातम्या, मासळीचे भाव, नातवाचं शाळेतलं. ‘ह्या पेनड्राइव्हवर घालून द्या. बाईंना देतो. रोज दुपारचा लावायचा.’ माणूस अगदी गंभीर होता. बर्फातल्या त्या केंद्रात, दुसऱ्या अस्वलाशेजारी, रोज दुपारी स्पीकरवर कोकणातल्या बांधाची बातमी. मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांनी फोन परत खिशात टाकला, आणि पहिल्यांदाच ते मला थकलेले दिसले.

मॅनेजरला सांगितलं असतं तर चाचा दुसऱ्या दिवशी विमानात बसले असते. म्हणून मी थेट बाईला फोन लावला, चाचांच्या समोर, स्पीकरवर. सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, एकदम तोडू नका. आईसुद्धा एका दिवसात सोडत नाही. थोडं थोडं कमी करा. मी आणखी वेळ देते, पण शेवटचे आठवडे पूर्ण शांत हवेत, आणि या वेळी खरोखर शांत.

थोडं थोडं कमी करणं माझ्या हातात होतं. त्या डक्टमध्ये झडप होती, पलीकडच्या कोपऱ्यातल्या पॅनेलवरून फिरवायची. हवा परत घ्यायला दुसऱ्या भिंतीतूनही वाट होती, त्यामुळे गारव्याला धक्का नव्हता. डक्टला आतून आवाज शोषणारं जाड अस्तर लावलं आणि झडप दर खेपेला जराशी मिटत नेली. चाचांचं बोलणंही ठरवून कमी. आधी दुपारभर, मग चहापुरतं, मग एक दिवसाआड.

माझा विश्वास अजून बसला नव्हता. ठरलेलं बोलणं झालं की मी तपासणीच्या खिडकीवर टेप लावायची, चोरून उघडली तर फाटेल अशी. चाचांनी ती पाहिली. त्या दिवशी त्यांनी आणलेला करक, म्हणजे इथला कडक दुधाळ चहा, माझ्यापुढे न ठेवता माझ्या पोरांना दिला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, बरोबर केलं त्यांनी. टेप लावणं मी सोडलं नाही. ती कधी फाटली नाही, हेही सांगायला हवं.

चढउतार पुष्कळ झाले. झडप अर्ध्यावर गेली तेव्हा ती पुन्हा त्या वाटेवर चालायला लागली. मी मोबाइल उपडा करून ठेवायची आणि परत उचलायची. मॅनेजर ‘आणखी गार’ म्हणायचा, मी ‘केलं’ म्हणायची आणि काहीच करायची नाही. मग एका सकाळी तिनं पिंप टाकीत ढकललं आणि स्वतः त्याच्यामागून उडी मारली. बराच वेळ ती त्या पिंपाला बुडवत होती, ते वर येत होतं आणि ती पुन्हा चिडत होती. मी ते चित्र घरी दाखवलं. लेक म्हणाली, ‘शी लुक्स लाइक यू अॅट वर्क.’ नवरा चहा सांडेपर्यंत हसला.

हळूहळू ती जाळीखाली झोपायची बंद झाली. टाकीच्या काठावर, उताणी, कुठेही झोपायला लागली. प्लान्टरूममध्ये फक्त पंख्याचा आवाज उरला. झडप पूर्ण मिटली होती. चाचा आता नुसती मासळी आणून बाहेरच्या बाहेर परत जायचे. ‘पिंजऱ्यात जाते का आपली आपण?’ एवढंच विचारायचे. प्रवासाचा पिंजरा हॉलला जोडून ठेवला होता आणि ती त्यात आत-बाहेर करायला शिकली होती. जाते, असं सांगितलं की मान डोलावायचे. त्या मान डोलावण्यावर मला आता पूर्वीइतका संशय येत नव्हता, पण अजिबात येत नव्हता असंही नाही.

बाई पुन्हा आली. काचेमागे लपून दिवसभर बसली, कॅमेऱ्याचं मागचं सगळं चित्र पाहिलं, आणि संध्याकाळी म्हणाली, ही येईल माझ्याबरोबर. मॅनेजरनं श्रेय माझ्या गारव्याला दिलं. मी शुक्रन म्हणून आभार मानले. त्याला खरं सांगून कुणाचं भलं होणार नव्हतं.

निघायच्या आदल्या दुपारी चाचा प्लान्टरूमच्या दारात आले. डोक्यावर धुतलेली टोपी, हातात काही नाही. ‘ताई,’ म्हणाले, ‘एक बार बोलू द्या. एकच. आता तर पास झाली ना?’

मी बाईला विचारलं. तिनं थोडा विचार करून हो म्हटलं. आता हाक ऐकून ती मोडत असेल, तर तेही आजच कळलेलं बरं, असं तिचं म्हणणं. मला भीती वाटत होती. पुन्हा ती वाट, पुन्हा मानेचा झटका, आणि मग पिंजरा रिकामाच परत. एका हाकेसाठी एवढं पणाला लावायचं? पण त्यांनी मागितलं होतं आणि बाईनं दिलं होतं. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं.

मी पॅनेलशी गेले आणि झडप उघडली, पूर्ण. पंखाही बंद केला, आवाज नीट जावा म्हणून. मग फिल्टरच्या खोलीशी आले, टेप काढली. चाचा क्रेटवर बसले, खिडकीशी वाकले. मी त्यांच्या मागे मोबाइल घेऊन उभी. चित्रात ती टाकीच्या काठावर बर्फाची लादी पुढच्या दोन पायांत धरून फोडत होती. आत मासळी दिसत होती.

‘बाय गो,’ चाचांनी हाक मारली. ‘ए बाय.’

तिनं डोकं वर उचललं. तिनं जाळीकडे पाहिलं. कान हलले. मग तिनं डोकं खाली घातलं आणि लादी फोडायला लागली.

चाचांनी पुन्हा हाक मारली. बाटली देताना मारत असतील तशी, लाडात, खालच्या स्वरात. काही बोलले, ते मी इथं लिहीत नाही. ती मासा काढून खात होती. खाऊन झाल्यावर पाण्यात गेली. घूं-घूं आली नाही. ओळखलं नाही, की ओळखून सोडून दिलं, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या जनावरावरही माझा पूर्ण विश्वास नाही.

चाचा बराच वेळ कान लावून बसून राहिले. मग वळले. मी मोबाइल छातीशी उलटा धरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या पॅनेलकडे, मग परत माझ्याकडे. डोळे बारीक झाले होते.

‘ताई,’ ते म्हणाले, ‘तुमी ता उघडलंच नाय ना?’

झडप सताड उघडी होती. आतल्या पाण्याची खळखळ मला ऐकू येत होती. त्यांचे कान वयानं गेलेले, असले बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते.

‘नाही उघडलं, चाचा,’ मी म्हटलं.

‘वाटलाच मना!’ ते उठले. आवाज चढला, तोंडावर रक्त आलं. ‘टेप लावणारी बाई तुमी! कुणावर म्हणून भरोसा नाय तुमचा! म्हाताऱ्या माणसाला शेवटचं एक बार बोलू दिलं नाय. आयकलं असतं तर धावत आली असती ती, भिंत फोडली असती, म्हणूनच नाय उघडलं!’

‘हो,’ मी म्हटलं. ‘म्हणूनच.’